चहातली साखर सोडून गुलामगिरी थांबते का?

पेट झाली, आता प्रपोजल लिहायचंय, आणि विषय काय तर "अमुक चळवळीचा समाजावर झालेला परिणाम". असा विषय घ्यायला हरकत काहीच नाही. पण माझी पोस्ट-ग्रॅज्युएशन सायन्समधली, त्यामुळे "परिणाम" हा शब्द दिसला की मी लगेच विचारते, मोजणार कसा? माझ्या पहिल्या प्रपोजलवर गाईडने नेमक्या याच शब्दाभोवती लाल गोल केला होता. तेव्हापासून मी जी गोष्ट ज्युनियर्सना सांगत आलेय, ती आज तुम्हाला सांगते.

साल १७९१, देश ब्रिटन. गुलामांचा व्यापार बंद करावा हा विल्बरफोर्सचा प्रस्ताव एप्रिलमध्ये पार्लमेंटने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. बहुतेक पुरुषांना मताचा अधिकार नव्हता, बायकांना तर नव्हताच. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ती माणसं समुद्रापलीकडे, वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर राबत होती. अशा वेळी साध्या माणसाने करायचं काय? त्याच वर्षी विल्यम फॉक्सने एक छोटी, स्वस्त पुस्तिका काढली. सांगणं एवढंच होतं, की वेस्ट इंडीजची साखर आणि रम घरात आणू नका. तिच्या विसाहून जास्त आवृत्त्या निघाल्या.

त्या पुस्तिकेत एक हिशोब आहे. आठवड्याला ५ पौंड साखर (आणि त्या मानाने रम) वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली, तर एक माणूस गुलाम होण्यापासून किंवा मरण्यापासून वाचतो. आपण करून बघू. २१ महिने म्हणजे साधारण ९१ आठवडे, गुणिले ५, म्हणजे ४५५ पौंड. आजच्या भाषेत दोनशे किलोच्या थोडी वर. एवढ्या साखरेला एक माणूस! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

आता जरा परीक्षकाच्या खुर्चीत बसा. फॉक्सने धरलंय की साखरेची मागणी जेवढी घटेल, तेवढी गुलामांची खरेदी घटेल. सरळ रेषा. पण तुम्ही सोडलेली साखर दुसऱ्या कोणी विकत घेतली तर? आणि झालं काय, तर ऑगस्ट १७९१ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या सेंट-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनीच उठाव केला. जगातली सर्वांत मोठी साखर पिकवणारी वसाहत ती. तिथला पुरवठा कोसळला, युरोपात भाव चढले आणि ब्रिटिश साखरेला बाहेर गिऱ्हाईक मिळालं. शिवाय भाव चढले की गरीब घरात साखर तशीही कमी येणार. मग कोणी तत्त्वासाठी सोडली आणि कोणी परवडत नाही म्हणून? कंट्रोल ग्रुप कुठाय?

अजून एक अडचण. विकत घेतलेल्या साखरेची नोंद दुकानदाराच्या वहीत सापडते, न घेतलेल्या साखरेची नाही. तीन लाख लोकांनी साखर सोडली हा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो थॉमस क्लार्कसनचा अंदाज आहे, आणि क्लार्कसन स्वतः चळवळीतला माणूस. आकडा खोटाच असं मी म्हणत नाही. पण तो वापरताना मोजणारा कोण हेही लिहा.

मग सगळं फुकट गेलं का? इथेच बरेच जण घाई करतात. मळेवाल्यांचा तोटा हा एकच व्हेरिएबल धरला तर हाताला फारसं लागत नाही. दुसरीकडे बघा. १७९२ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटकडे ५१९ अर्ज आले, आणि एप्रिलमध्ये त्याच सभागृहाने तो व्यापार "हळूहळू" बंद करण्याचा ठराव २३० विरुद्ध ८५ ने मंजूर केला. वरिष्ठ सभागृहात तो अडकला, कायदा व्हायला १८०७ उजाडलं. बहिष्कारामुळेच अर्ज आले असं मी लिहिणार नाही, दोन्ही एकाच हवेत वाढले. पण घरात साखर कोणती यायची हे बरंचसं बायकांच्या हातात होतं, आणि ज्यांना कोणी मत विचारत नव्हतं त्यांना जेवणाच्या टेबलावर रोज एक निर्णय घेता आला. १८२४ मध्ये एलिझाबेथ हेरिकने "हळूहळू नाही, ताबडतोब" अशी मागणी केली आणि लेस्टरमध्ये घरोघर फिरून साखर सोडायला लावली. विल्बरफोर्सला बायकांचं हे दारोदार फिरणं पसंत नव्हतं, हेही नोंदवून ठेवते! १८३३ मध्ये बायकांच्या एकट्या अर्जावर सुमारे १,८७,००० सह्या होत्या.

आणि आपला संबंध? त्या काळातली साखरेची भांडी आज संग्रहालयांत आहेत, त्यांवर लिहिलंय की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली. म्हणजे आपल्याकडची. पण १८३३ च्या गुलामगिरीबंदीच्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता, आणि इथे गुलामीची कायदेशीर मान्यता काढायला १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला. शिवाय या साखरेचा जोरदार पुरस्कार करणारा लिव्हरपूलचा जेम्स क्रॉपर गुलामीचा कट्टर विरोधक होताच, पण तो भारताशी व्यापार करणारा व्यापारीही होता. त्याचा हेतू यातला कुठला धरायचा, यावर वाद तेव्हाही झाला.