वांशिक राजकीय व्यंगचित्र
वंशावरचे व्यंग आक्षेपार्ह केव्हा होते, हे चित्रकाराच्या हेतूवरून नव्हे, तर चित्रात प्रत्यक्ष कोणाची टर उडते यावरून ठरवावे लागते. जुलै २००८ मध्ये ‘न्यू यॉर्कर’च्या मुखपृष्ठावर बॅरी ब्लिट यांनी बराक ओबामांना फेट्यात, त्यांच्या पत्नी मिशेल यांना बंदुकीसह रेखाटले. रोख हे दाम्पत्य अतिरेकी असल्याच्या अफवा पसरवणाऱ्यांवर होता. पण ते चित्रात कुठेच नव्हते, म्हणून चित्र अनेकांना झोंबले. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क पोस्ट’च्या चित्रात पोलिसांच्या गोळीने मेलेला चिंपांझी ओबामांच्या आर्थिक विधेयकाचा कर्ता ठरला. कनेटिकटमध्ये पोलिसांनी नुकत्याच मारलेल्या चिंपांझीचा तो संदर्भ होता, हा बचाव खरा, तरी अपुराच : कृष्णवर्णीयांना माकड म्हणून हिणवण्याचा जुना, क्रूर इतिहास संपादकाला विसरता येत नाही. मालक रूपर्ट मर्डॉक यांनी पुढे माफी मागितली.