उरलेल्या पैशाचा धनी
खेळाच्या हिशेबातील मोड, वटाव आणि नाल

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात जिंकले, अशी कथा आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात या दोघांचा खेळ शिल्पात कोरलेला दिसतो. दिवाळीत पत्त्यांचा डाव मांडण्याच्या प्रथेला या कथेचा आधार दिला जातो. द्यूतावरचे आपले बहुतेक लेखन हार-जीत, व्यसन आणि सर्वनाश यांभोवती फिरते. डाव संपल्यावर हिशेब होतो, तेव्हा सगळ्यांना त्यांचे देऊन झाल्यावर जे दोन-चार पैसे उरतात ते कोणाचे, हा प्रश्न मात्र क्षुल्लक म्हणून बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न घेतला आहे; कारण यजमान आणि अड्डेवाला यांच्यातली सीमारेषा आपल्याकडे फार जुन्या काळापासून याच उरलेल्या पैशावर आखली गेली आहे.

काकणी: फासा आणि नाणे

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली व्हावा, अशी तेथील व्यवस्था आहे. जिंकलेल्या द्रव्यातून त्याने शेकडा ५ घ्यावेत, शिवाय फासे व इतर साधनांचे भाडे, पाणी आणि जागा यांचे शुल्क वेगळे घ्यावे, असे कौटिल्य सांगतो. या साधनांत ‘काकणी’ आहे. खेळात ती कवडी असते. त्याच ग्रंथात नाण्यांची यादी येते तेव्हा काकणी आणि अर्धकाकणी ही तांब्याची लहान नाणी म्हणून भेटतात. खेळाचे साधन आणि सुटा पैसा यांना एकच नाव असावे, यात नवल नाही. कवडी दोन्ही कामे करीत होती. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे आपले शब्दप्रयोग त्या व्यवहाराचीच खूण आहेत.

याज्ञवल्क्यस्मृतीत खेळ चालवणाऱ्याला ‘सभिक’ म्हटले आहे. त्याचा वाटा सरसकट एक नाही. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा टीका या नियमाचा अर्थ असा लावते : ज्याची जिंक शंभर किंवा त्याहून अधिक, त्याच्याकडून शेकडा ५, त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून शेकडा १०. म्हणजे लहान रकमेवर कापणीचा दर दुप्पट होता. लहान रकमेचा हिशेब करण्याचा खटाटोप मोठ्या रकमेइतकाच असतो, एवढे एक कारण त्यामागे सुचते. परिणाम मात्र स्पष्ट आहे : थोडे जिंकणाऱ्याचा खुर्दा सभिकाकडे अधिक जाई. मात्र हा वाटा उघड, ठरलेला आणि आधी माहीत असलेला होता, आणि त्याच्या बदल्यात जिंकलेल्याला त्याचे पैसे मिळवून देण्याची जबाबदारी सभिकावर होती.

खुर्दा आणि वटाव

मराठी मुलखात ‘मोड’ ही फुकट मिळणारी वस्तू फार काळ नव्हती. शिवराई हे तांब्याचे नाणे शिवकाळापासून पुढे एकोणिसाव्या शतकातही चालत राहिले. रुपये अनेक टाकसाळींचे, वजन व कस निरनिराळे. रुपयाला किती शिवराया मिळतील हे जागेवर आणि दिवसावर अवलंबून. रुपया मोडायचा तर सराफाकडे जायचे आणि तो कापील तो वटाव सोसायचा. तेव्हा ‘बारीक पैसा उरला’ याला काही अर्थ होता. तो मिळवायलाच पैसा पडलेला असे.

कडेगाव हे गाव आज उंच ताबुतांसाठी ओळखले जाते. ते १८४८ पर्यंत सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होते. राज्य खालसा झाल्यावर ते सातारा जिल्ह्यात आणि विटा हे ठाणे असलेल्या खानापूर तालुक्यात आले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि पुढे कडेगाव स्वतंत्र तालुका झाला. याच खानापूर, आटपाडी, कडेगाव पट्ट्यातली माणसे दुष्काळामुळे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात देशभर पसरली. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातले कण काढणे हाही या धंद्याचा भाग. जिथे झाडलेल्या धुळीलाही धनी असतो आणि तिचीही किंमत ठरते, तिथल्या माणसाला ‘चार-दोन पैशांनी काय होते’ हे सांगणे कठीण.

कंपनीच्या आणि नंतरच्या राणीच्या नाण्यांनी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हे कोष्टक स्थिर केले. तरी मोडीचे दुर्भिक्ष संपले नाही. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी नाणी साठवली, धातू युद्धाकडे वळला. १९४० मध्ये एक रुपयाची नोट आली. गरजेपेक्षा अधिक नाणी जमवणे गुन्हा ठरले. १९४३ मध्ये मध्यभागी भोक असलेला पैसा निघाला. तेवढेच तांबे वाचले. मोरवी, जुनागढ, बुंदी अशा संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कुपने काढली. मोड नसली की हिशेब पूर्ण होत नाही आणि पुरा न झालेला हिशेब संशय मागे ठेवतो, हे तेव्हा घरोघर कळले.

सरकारने केलेली तडजोड

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण सव्वा पैशाचे नाणे कुठले? म्हणून कायद्याने नियम केला : अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडून द्यायचा, अर्ध्याहून अधिक असेल तर पूर्ण धरायचा. त्यामुळे एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नये पैसे झाले. एक आण्याची वस्तू १६ वेळा स्वतंत्रपणे घेतली तर गिऱ्हाईक ९६ नये पैसे देई आणि विक्रेत्याचे ४ बुडत. नियम कोणाच्या तरी विरुद्ध जाणारच होता. पण तो आधी जाहीर झाला आणि सर्वांना सारखा लागू झाला. तडजोड न्याय्य वाटण्यासाठी एवढे दोन गुण पुरतात.

पुढे लहान नाणी एकेक करून गेली. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली.

नाल आणि १८८७ चा कायदा

जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून जे काढून घेतो त्याला ‘नाल’ म्हणतात. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७, याने नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. पत्त्यांसारख्या खेळांच्या बाबतीत ‘जुगाराचे घर’ ठरण्यासाठी खेळाची साधने तिथे असणे पुरेसे नाही. ती घराच्या मालकाच्या वा वहिवाटदाराच्या फायद्यासाठी ठेवलेली वा वापरलेली असावी लागतात, मग तो फायदा जागेच्या भाड्याने होवो, साधनांच्या भाड्याने होवो की अन्य कोणत्याही रीतीने. कौटिल्याने जागा आणि फासे यांचे शुल्क सरकारी अध्यक्षाला दिले. इंग्रजी कायद्याने तेच शुल्क खाजगी माणसाच्या हाती गुन्ह्याची खूण मानले. १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि क्लबने पत्त्यांचे किंवा बसण्याचे माफक शुल्क घेतले म्हणून तेवढ्याने तो फायदा होत नाही, असे म्हटले. शुल्क भारी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे प्रश्न पुन्हा रकमेच्या आकाराचा आणि ती कोणाकडे थांबते याचाच.

घरचा डाव

आता घरातल्या पोकरच्या किंवा तीन पत्तीच्या डावाकडे पाहू. पूर्वी चिंचोके असत, आज चिप्स असतात. पाच जणांनी ५०० रुपयांच्या चिप्स घेतल्या. डब्यात २,५०० जमले. सर्वांत लहान चिप ५ रुपयांची. उठताना पाच जणांपुढे १,२३५, ६८५, ३४५, १६५ आणि ७० अशी रक्कम आहे. बेरीज बरोबर २,५००. पण डब्यात पाचाची नाणी नाहीत. सगळ्यांची रक्कम खालच्या दहावर आणली तर वाटप २,४८० होते आणि डब्यात २० उरतात. वरच्या दहावर नेली तर २,५२० लागतात. २० यजमानाने पदरचे घालायचे.

पहिली रीत सोपी म्हणून रूढ आहे, आणि तीच घातक. एका रात्रीचे २० रुपये चहाला गेले, असे सगळेच म्हणतात. वर्षभर दर शनिवारी तेच झाले की ती रक्कम हजाराच्या वर जाते, आणि तिला ठरावीक नाव नसले तरी ती नालच असते. दुसऱ्या रीतीत यजमान खेळाचा दंड भरतो, म्हणून तो पुढे कधी तरी पहिल्या रीतीकडे वळतो. डाव बसण्यापूर्वीच पाचाची २० नाणी आणून ठेवणे हा साधा उपाय. तो होत नसेल तर पोकरच्या स्पर्धांतली एक रीत घरीही चालते. ज्यांच्याकडे सुटी चिप उरली त्या चौघांनी ती मध्ये ठेवायची, प्रत्येकाला एक पत्ता वाटायचा, मोठ्या पत्त्याने २० उचलायचे. प्रत्येकाचे ५ रुपये पणाला लागतात आणि प्रत्येकाला २० मिळण्याची संधी चारात एक. कोणाचेही गणिताने नुकसान नाही, आणि घराकडे काही थांबत नाही.

मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सोयीने आज ६८५ रुपये ६८५ म्हणूनच जातात. मोडीची सबब राहिलेली नाही. त्यामुळे आज एखाद्या घरात रक्कम खालच्या दहावर आणली जात असेल, तर ती नाण्यांच्या अभावी नव्हे, इच्छेने आणली जाते. सभिकाचा वाटा ठरलेला होता, १९५७ चा नियम जाहीर होता, सराफाचा वटावही डोळ्यांसमोर कापला जाई. न सांगता मागे राहिलेला पैसा तेवढा या तिन्हींत बसत नाही. डबा उघडण्याआधी उरलेल्या पैशाचा धनी ठरवला, तर खेळणारे दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या घरी फराळाला जाऊ शकतात.