कृपया प्रसिद्धीसाठी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वार्ताहरांच्या मोबाईलवर संध्याकाळी एक फाईल हमखास येऊन पडते. वर 'गडचिरोली, दि. अमुक (जिमाका)', खाली ओळीने शून्ये. जिमाका म्हणजे जिल्हा माहिती कार्यालय आणि शून्ये म्हणजे मजकूर संपला. सोबत दोन-चार छायाचित्रे, जमल्यास अहवालाची पीडीएफ, एखाद्या चित्रफितीची लिंक. मोठ्या शहरांतल्या कंपन्या या गाठोड्याला ऑनलाइन प्रेस किट म्हणतात. इकडे ती प्रेस नोटच. नाव काहीही घ्या, कूळ एकच आहे, आणि चंद्रपूरकरांना गंमत वाटेल, ते निघते कोळशाच्या धंद्यातून.

१९०६ साली अमेरिकेत कोळसा खाणमालक आणि कामगार यांच्यात तंटा पेटला होता. मालक वार्ताहरांना दारात उभे करत नसत आणि वर्तमानपत्रांत त्यांचीच नाचक्की होत होती. त्यांनी आयव्ही ली या माजी वार्ताहराला हाताशी धरले. लीने संपादकांना एक जाहीर निवेदन पाठवले. त्याचा मथितार्थ असा : आमचे काम उघड चालेल, माहिती अचूक देऊ, पडताळून पाहायची असेल तर मदत करू, आणि मजकूर जाहिरातीच्या खात्यात शोभेल असे वाटले तर छापू नका. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासच्या वर माणसे दगावली. अपघात झाकण्याची कंपन्यांची जुनी रीत सोडून लीने रेल्वेच्या वतीने निवेदन काढले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते जसेच्या तसे छापले. प्रेस नोटचा जन्म तिथे झाला असे बहुतेक मानतात.

पण कुळाचा दोषही मूळपुरुषातच सापडतो. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, बायकामुले मेली. त्यानंतर याच लीने खाणमालक रॉकफेलर यांच्या वतीने पत्रकांची मालिका काढली. त्यांत कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे फुगवलेले निघाले. अचूकतेचा शब्द देणारा आणि तो मोडणारा माणूस एकच होता. प्रेस नोट हातात घेताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्याकडे सरकारला ही युक्ती त्याआधीच सुचली होती. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर कायद्याचा बडगा आला, आणि त्याच सुमारास रोपर लेथब्रिज हे प्रेस कमिशनर वर्तमानपत्रांना सरकारी माहिती पुरवू लागले. एका हाताने तोंड दाबायचे आणि दुसऱ्या हाताने घास भरवायचा, असा तो कारभार होता. ते पद टिकले नाही. पुढे १९१९ मध्ये गृहखात्याखाली एक छोटा कक्ष निघाला. त्याचेच आजचे रूप म्हणजे प्रेस इन्फर्मेशन ब्युरो. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची जिल्हा कार्यालये याच परंपरेतली.

सुट्या पत्रकाचे गाठोडे झाले ते चित्रपटवाल्यांमुळे आणि अवकाशवाल्यांमुळे. सिनेकंपन्या कथासार, नटनट्यांची माहिती आणि छायाचित्रे एकत्र बांधून देत. नासाने अपोलो ११ साठी जुलै १९६९ मध्ये जे प्रेस किट काढले ते सुमारे २५० पानांचे होते : यानाचे आराखडे, मिनिटागणिक कार्यक्रम, अंतराळवीरांची चरित्रे. चांद्रमोहिमेतले ओ की ठो न कळणाऱ्या वार्ताहरालाही त्यामुळे चार ओळी धड लिहिता आल्या. इंटरनेट आल्यावर हीच पाने संकेतस्थळांवर चढली.

आपल्या जंगलपट्ट्यात मात्र बातमीची खरी अडचण अंतराची होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वेस्थानक आले ते एकच, वडसा. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटे आणि बातमीही अलीकडे येत नसे. एरवी आधार एसटीचा. फुलस्केप कागदावर 'प्रति, मा. संपादक' लिहून, खाली 'आपल्या लोकप्रिय दैनिकात प्रसिद्धी द्यावी ही विनंती' अशी ओळ टाकून पाकीट वाहकाच्या हाती द्यायचे. नागपुरात कार्यालयाचा माणूस ते उतरवून घेई. गाडी चुकली की बातमी शिळी. फॅक्स आला तेव्हा पाकीट सुटले, पण छायाचित्र काळेकुट्ट निघे.

ई-मेल आला आणि नवे विघ्न उभे राहिले : फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाईल समोरच्या संगणकात तोच फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दाखवी. उपसंपादक तीच बातमी पुन्हा टाइप करी किंवा सरळ बाजूला टाकी. युनिकोड रुळल्यावर ही कटकट बरीचशी मिटली, तरी आजही अनेक संस्था सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून पाठवतात. त्यातून एक ओळही सहजासहजी उचलता येत नाही. पान लावायच्या घाईत अशी नोट पहिली बळी जाते.

या जिल्ह्यांतला चांगला नमुना पाहायचा तर शोधग्रामचा पाहावा. तिथल्या, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाठोपाठ २००१ मध्ये राज्यातल्या बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे सरकारला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या बातमीच्या मागे गावोगाव केलेली मोजणी होती. शंका घेणाऱ्याला मुळापर्यंत जाता येत होते, म्हणून ती बातमी टिकली.

एरवी इकडची परिस्थिती वेगळी. चकमक झाली की पोलिसांची पत्रपरिषद होते. पलीकडून नक्षलवाद्यांचे पत्रक येते. वाघाने माणूस मारला की वनविभागाची नोट येते. खाणीवर तंटा झाला की कंपनीचा देखणा मजकूर तयारच असतो. ज्या गावात हे घडते त्या गावाचे मात्र काहीच येत नाही. मग दोन नोटांची गोळाबेरीज म्हणजेच बातमी होऊन बसते.

हे उलटवता येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना मिळवला, तो अभ्यास गट चालवून आणि कागद स्वतः राखूनच. ज्या ग्रामसभेकडे ठराव, नकाशे आणि हिशेब आहेत, तिच्या प्रेस किटची निम्मी तयारी झालेलीच आहे. राहिलेले काम एका मोबाईलवर होते. युनिकोडमध्ये एक पान मजकूर लिहा. वर तारीख, तालुका आणि गाव टाका. छायाचित्राखाली कोण, कुठे, कधी ते लिहा. मूळ ठरावाची प्रत जोडा. जो फोन नक्की उचलला जाईल असा एक क्रमांक द्या आणि शेवटी 'येऊन पाहा' असे आमंत्रण द्या. आणि वार्ताहरांनो, नोट कोणाचीही असो, छापण्याआधी त्या गावात एक फोन लावा.