हुकूम दूरचा, सही कोणाची?

शिपाई सूचनावही घेऊन वर्गात येतो. आपण सूचना वाचतो आणि खाली मुख्याध्यापकांची सही आहे ना, हे पाहतो. दूरच्या संगणकाला हुकूम देण्याचा इतिहास हा अशा सहीच्या शोधाचा इतिहास आहे.

आरंभी सहीची गरजच भासली नाही. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली होती. जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे टेलिटाइप यंत्र मांडले. त्यावर टाइप केलेले गणित तारेने न्यूयॉर्कला, बेल प्रयोगशाळेतील गणकयंत्राकडे जाई आणि उत्तर परत येई. पलीकडे कोण आहे, हे सर्वांना ठाऊक होते.

पुढे संगणकांची जाळी विणली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने १९८३ साली युनिक्सच्या आपल्या आवृत्तीत 'आरएसएच' ही सोय दिली. तिच्यामुळे आपल्या जागेवरून दूरच्या संगणकावर एखादा हुकूम किंवा हुकमांची लिहून ठेवलेली मालिका चालवता येई. विश्वासातल्या संगणकांची नावे एका फाइलीत नोंदलेली असत. त्यांच्याकडून हुकूम आल्यास पासवर्ड विचारला जात नसे. जणू शिपाई ओळखीचा आहे, मग सही कशाला!

२ नोव्हेंबर १९८८ रोजी या भोळेपणाची किंमत कळली. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने स्वतःच्याच प्रती काढणारा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. इतर प्रोग्राममधील चुका, सोपे पासवर्ड आणि ही विश्वासाची यादी यांच्या आधारे तो पसरला. त्याने फाइली पुसल्या नाहीत. पण एकेका संगणकावर त्याच्या इतक्या प्रती चालू लागल्या की संगणक ठप्प झाले. सुमारे ६,००० संगणकांना बाधा झाली, असा तेव्हाचा अंदाज होता.

पासवर्ड विचारला तरी प्रश्न सुटत नव्हता, कारण तो जाळ्यातून उघडाच जाई आणि वाटेत कोणीही तो टिपू शके. हेलसिंकी तंत्रविद्यापीठात असेच घडल्यावर १९९५ साली तातू इलोनेन यांनी 'एसएसएच' तयार केले. त्यात सारे संभाषण सांकेतिक रूपात जाते. शिवाय किल्ल्यांची जोडी वापरता येते: एक जाहीर, एक खासगी. खासगी किल्ली आपल्याजवळ आहे, हे ती कोणाला न दाखवता सिद्ध करता येते. हीच ती सही. किल्ली मात्र जपावी लागते.

आज शाळेतील सर्व संगणकांवर एका टेबलावरून एकच काम करून घेता येते. ते कसे करायचे, हे विद्यार्थ्यांना जरूर शिकवावे. पण आधी एक प्रश्न विचारावा: समोरच्या संगणकाने तुमचा हुकूम का मानावा?