ग्लँडर्स

घोडे, गाढवे व खेचरे यांना होणारा संसर्गजन्य जिवाणुजन्य रोग. बर्कहोल्डेरिया मॅलेई हा जिवाणू त्यास कारणीभूत असून १८८२ मध्ये लोफ्लर व शुट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. नाकातील स्रावाने दूषित झालेले पाणी, चारा व सामायिक हौद यांतून रोग पसरतो.

लक्षणे : ताप, खोकला, नाकातून चिकट पिवळसर स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, जबड्याखालील लसीका ग्रंथींना सूज आणि फुप्फुसांत गाठी. त्वचेवर माळेसारख्या गाठी उठून फुटल्यास त्या प्रकाराला फार्सी म्हणतात. गाढवे व खेचरे यांच्यात रोग बहुधा तीव्र, तर घोड्यांत दीर्घकालीन असतो. बाधित मांस खाल्ल्याने कुत्री-मांजरे आजारी पडतात. डुकरे व गाईगुरे यांच्यात रोगप्रतिकारक्षमता असते. माणसालाही लागण होऊ शकते.

भारतातील प्रादुर्भाव : २००६ मध्ये महाराष्ट्रात पुणे व पाचगणी येथे हा रोग पुन्हा आढळला. २०१७ च्या अखेरीस दिल्लीतील घोड्यांत त्याचे निदान झाले. राजधानी परिसरात लग्नाच्या वरातीत आणि वीटभट्ट्यांवर या जनावरांचा वापर होत असल्याने नियमित रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.

निदान व नियंत्रण : निदानासाठी मॅलीन चाचणी, पूरक बंधन चाचणी व एलायझा वापरतात. निश्चित निदान हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. या रोगावर लस नाही. बाधित जनावरावर उपचार न करता त्याला वेदनारहित मरण देऊन खोल पुरतात. पूर्वी यासाठी १८९९ चा स्वतंत्र कायदा होता; आता २००९ चा प्राण्यांतील सांसर्गिक रोग नियंत्रण कायदा लागू आहे.