जेवूनच जा!

मराठी घरात 'जेवूनच जा' म्हणण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात यजमानीणबाई पदराला हात पुसत बाहेर येतात आणि ताट खरोखरच वाढलेलं असतं. दुसऱ्यात यजमान दार उघडून धरतात, 'जेवूनच गेला असतात' म्हणतात आणि पाहुण्याला आपली चप्पल लगेच सापडते. या दोहोंखेरीज तिसराही एक प्रकार जगात आहे, हे मला माझी भाची न्यूयॉर्कला वकील झाली तेव्हा कळलं. या प्रकारात जेवण असतं, उत्तम असतं, फुकट असतं. त्यात फक्त 'जा' हा शब्द नसतो.

भाची तिथल्या एका अवाढव्य लॉ फर्ममध्ये असोसिएट आहे. पार्टनर म्हणजे दुकानाचे मालक आणि असोसिएट म्हणजे गल्ल्याला हात न लावता दुकान चालवणारे पगारी वकील. ती लागली त्या महिन्यात माझ्या बहिणीचा फोन आला.

"दादा, रात्री आठनंतर थांबलं तर जेवण ऑफिसचं! आणि त्याहून उशीर झाला तर घरी सोडायला गाडीसुद्धा!"

बहिणीच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. पण मी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. आमच्याकडे रात्री थांबण्याचा प्रसंग मार्चअखेर येई आणि साहेब दोन बटाटेवडे नि चहा मागवत. त्या वड्यांची किंमत मला ठाऊक होती. मी एवढंच विचारलं, "तिकडे बारा महिने मार्चच असतो का?"

बहिणीने फोन ठेवला. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. निवृत्त माणसाला वाचनालयाचं कार्ड आणि थोडीशी चीड एवढं भांडवल पुरतं. मी वकिलांच्या इतिहासात शिरलो आणि थक्क झालो. वकील, जेवण आणि हजेरी ही त्रिमूर्ती फार जुनी निघाली.

साक्षात गांधीजींपासूनच सुरुवात करू. १८८८ साली ते लंडनला बॅरिस्टर व्हायला गेले आणि इनर टेंपल या संस्थेत दाखल झाले. बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षा द्यायची, शिवाय बारा सत्रं 'भरायची'. सत्र भरायचं म्हणजे जेवायचं! प्रत्येक सत्रात चोवीसेक जेवणं होत, त्यांतल्या निदान सहांना हजर राहायचं. म्हणजे कमीत कमी बहात्तर पंगती उठवल्याशिवाय माणूस बॅरिस्टर होत नसे. खुद्द गांधीजींनीच आत्मकथेत हे लिहून ठेवलंय. बरं, जेवलंच पाहिजे असंही नव्हतं. ठरल्या वेळी यायचं आणि जेवण संपेपर्यंत बसून राहायचं. पोट तुमचं, हजेरी त्यांची! चौघांत मिळून दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पिणारे नव्हते, त्यामुळे त्यांना आपल्या चौकडीत ओढायला बाकीचे टपलेले असत. तिघांत दोन बाटल्या हा हिशेब समजायला कायदा लागत नाही.

पण त्याच ठिकाणी गांधीजींनी एक गोष्ट सांगितली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी विद्यार्थी थोडे होते. ते आणि संस्थेतले बुजुर्ग एकत्र जेवत आणि जेवता जेवता गप्पांतून विद्या या पानावरून त्या पानावर जाई. गांधीजींच्या काळापर्यंत बुजुर्गांचं टेबल वेगळं झालं होतं. विद्या गेली आणि सक्ती तेवढी उरली. हे वेगळं टेबल वाचकांनी लक्षात ठेवावं. ते पुढे पुन्हा लागणार आहे.

१८९१ साली गांधीजी बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. काम नव्हतं, तरी अनुभवासाठी हायकोर्टात रोज जात. तिथे डुलक्या येत. सोबतीला आणखीही डुलणारे असत, त्यामुळे लाजेचं ओझं वाटून घेतलं जाई. ऑफिसात नुसतं हजर राहण्याने काय साधतं, याचा इतका प्रामाणिक अहवाल माझ्या वाचनात दुसरा नाही.

सॉलिसिटरांची रीत निराळी होती. इंग्लंडात त्यांच्याकडे उमेदवारी करायची तर मुलाच्या बापाला गुरूच्या हातावर घसघशीत रक्कम ठेवावी लागे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात पोरं वकिलाच्या कचेरीत बसून दस्तऐवज उतरवून काढत, फावल्या वेळात कायदा वाचत आणि पगाराचा विषय सहसा निघत नसे. शिकायला मिळतंय ना, मग पगार कसला? आपल्याकडच्या गवयांच्या घरी गुरुजींचा तानपुरा उचलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे चित्र बदलणाऱ्यांत एक ठळक नाव आहे पॉल क्रॅव्हाथ यांचं. १८९९ साली ते न्यूयॉर्कच्या एका फर्ममध्ये आले आणि पुढे त्यांनी जी घडी बसवली तिला आजही 'क्रॅव्हाथ पद्धत' म्हणतात. उत्तम विद्यापीठांतली उत्तम मुलं ताजी ताजी उचलायची, त्यांना पहिल्या दिवसापासून पगार द्यायचा, वरिष्ठांच्या हाताखाली घासूनपुसून घ्यायचं, बाहेरची खासगी कामं करू द्यायची नाहीत आणि काही वर्षांनी एक तर पार्टनर करायचं, नाही तर निरोपाचा नारळ द्यायचा. यात पगार आला, शिक्षणही आलं. पण ज्याने पगार दिला त्याने दिवसही विकत घेतला. फुकट्या उमेदवाराला 'आज जरा लवकर निघतो' म्हणता येत असेल. पगारी माणसाच्या घशात ते वाक्य अडकतं.

दिवस विकत घेतल्यावर तो मोजणं आलं. बॉस्टनचे रेजिनल्ड हेबर स्मिथ हे वकील गोरगरिबांना कायद्याची मदत मिळावी म्हणून झटणारे सज्जन गृहस्थ. त्यांनीच आपल्या फर्ममध्ये वकिलांच्या वेळेची टिपणं ठेवायची शिस्त रुजवली. हेतू साधा होता. कामाला किती वेळ लागतो हे कळलं तर योग्य फी आकारता येईल. पण सज्जनांनी लावलेल्या शिस्तीचं पुढे काय होतं, ते आपण घरोघरी पाहतोच. १९५८ साली अमेरिकन बार असोसिएशनने एक पुस्तिका काढून वकिलांना बजावलं की बाबांनो, तुम्ही दातांच्या डॉक्टरांपेक्षा मागे पडत चाललात, वेळ टिपून ठेवा. वर्षाला बिलात लावता येतील असे सुमारे १३०० तास होतात, असा त्यांचा हिशेब होता.

तोवर बऱ्याच ठिकाणी फीचे किमान दर ठरलेले असत. व्हर्जिनियात गोल्डफार्ब नावाचं जोडपं घर घेत होतं. मालकी हक्क तपासायला वकील हवा होता. त्यांनी छत्तीस वकिलांना पत्रं धाडली, एकोणिसांनी उत्तर दिलं आणि एकानेही ठरल्या दरापेक्षा दमडी कमी सांगितली नाही. आमच्या पुण्यातल्या रिक्षा स्टँडवर याहून वेगळा अनुभव येत नाही, पण गोल्डफार्ब चिवट निघाले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७५ साली कोर्टाने हे दरपत्रक बेकायदा ठरवलं. दरपत्रक गेलं आणि तासांचं बिल घट्ट बसलं.

आता त्या तासाचे दहा तुकडे करतात, दर तुकडा सहा मिनिटांचा. भाची दिवसभर काय केलं ते या तुकड्यांत लिहिते. बड्या फर्मांत वर्षाला दोन हजार बिली तासांची अपेक्षा काही नवलाची नाही. पन्नास आठवडे धरले तर आठवड्याला चाळीस, म्हणजे रोजचे आठ. ऐकायला सरकारी वाटतं! पण यात चहा नाही, जेवण नाही, लिफ्ट नाही, शेजाऱ्याने विचारलेला 'काय म्हणतेस?' नाही. निव्वळ अशिलाचे आठ तास भरायला दहा-अकरा तास बुडाखाली खुर्ची लागते. १९५८ च्या १३०० ना आता म्हातारी माणसं 'आमच्या वेळची स्वस्ताई' म्हणत असतील.

अर्थात पगारही तसेच आहेत, हे कबूल केलं पाहिजे. १९६८ साली क्रॅव्हाथ यांच्या फर्मने नवख्यांचा पगार वर्षाला १५,००० डॉलर केला तेव्हा हाहाकार उडाला होता. १९८६ साली तो ६५,००० झाला. २०१६ साली १,८०,०००. २०२३ च्या अखेरीस बड्या फर्मांत पहिल्या वर्षाचा आकडा २,२५,००० वर गेला. एकाने वाढवला की आठवड्याभरात बाकीचे वाढवतात. लग्नसराईत एकाने आइस्क्रीम ठेवलं की पुढच्या कार्यात दुसऱ्याला ठेवावंच लागतं, तसं.

एवढा पगार असताना जेवण फुकट कशाला? मी आधी हाच प्रश्न विचारला. उत्तर हिशेबात आहे. पोरगी जेवायला बाहेर गेली तर तासभर गेला. टेबलापाशीच जेवली तर पंधरा मिनिटं. शिवाय रात्रीचं जेवण पुष्कळदा अशिलाच्याच बिलात चढतं. १९९१ साली 'द अमेरिकन लॉयर' या मासिकाने न्यूयॉर्कच्या एका बड्या फर्मची बिलं चव्हाट्यावर आणली. त्यात कॉफी आणि गोड पावसुद्धा अशिलांच्या माथी मारलेले निघाले. ही वकिलांची जेवणं इतकी वाढली की १९९९ साली जेसन फिंगर नावाच्या तिथल्याच एका तरुण वकिलाने वकिली बाजूला ठेवून ऑफिसांतून जेवण मागवायची कंपनी काढली. ती 'सीमलेस' या नावाने न्यूयॉर्कभर माहीत झाली. असंख्य वकिलांत बहुधा एवढ्या एकालाच कळलं, की खरा धंदा डब्याचा आहे.

भाचीचं एका आठवड्याचं वेळापत्रक मी ऐकलं: सोमवारी थाई, मंगळवारी मेक्सिकन, बुधवारी इटालियन, गुरुवारी 'इंडियन' म्हणजे पंजाबी. मी हिला म्हटलं, "अगं, ही तर वार लावून जेवते आहे!" आमचे आजोबा पुण्यात शिकायला आले तेव्हा सात वारांना सात घरी जेवत. फरक एवढाच, की आजोबा जेवून झाल्यावर घरी जात.

मग २०२० साल आलं. मार्चमध्ये करोनाने सगळ्या कचेऱ्या बंद केल्या आणि जग बुडेल असं वाटत असताना या फर्मांचं मात्र काहीच बुडालं नाही. पोरं घरून तितकेच तास, किंबहुना जास्तच, भरत राहिली. भाची क्वीन्समधल्या आपल्या दीड खोलीत बसून काम करायची. तिने पहिल्यांदाच कुकर काढला, तेव्हा त्याच्या झाकणावरचं दुकानाचं लेबल अजून तसंच होतं. त्या घराला तोवर तीन वर्षं झाली होती. "अरे मामा," ती म्हणाली, "संध्याकाळी माझ्या खिडकीत ऊन येतं, हे मला माहीतच नव्हतं."

साथ ओसरली आणि बोलावणं आलं. आधी आठवड्यातून तीन दिवस. २०२३ पासून बऱ्याच फर्मांत तिनाचे चार झाले. काहींनी हजेरीचा संबंध बोनसशी जोडला. दारावरचं कार्ड किती वेळा टेकलं हे यंत्र मोजू लागलं. म्हणजे आमचं मस्टरच, फक्त त्यावर लाल शाईने रेघ ओढायला हेडक्लार्क नाही. आणि गोडी लावायला आता दुपारचंही जेवण फुकट!

फर्मांचं म्हणणं असं, की नवखी मुलं मोठ्यांच्या जवळ बसूनच शिकतात. हे मला शंभर टक्के पटतं. टिपण कसं लिहावं हे मीही शेजारच्या टेबलावरच्या खाडाखोडीवरून शिकलो. पण मी भाचीला विचारलं, "मग मोठे बसतात कुठे?" ती हसली. पुष्कळदा ती ऑफिसात आपल्या खोलीत असते आणि पार्टनर पडद्यावर, मागे त्यांच्या उन्हाळी बंगल्याची झाडं. गांधीजींच्या वेळचं ते वेगळं टेबल आता समुद्रकाठी गेलंय, इतकंच.

पण मागच्या वर्षी एका संध्याकाळी एक वयस्कर पार्टनर स्वतःचा डबा घेऊन तिच्या खोलीत आले, समोर बसले आणि तिने लिहिलेल्या करारातलं एक कलम तिथे का हवं, ते न ठेवल्याने पूर्वी कुणाचं काय झालं, हे सगळं जेवता जेवता समजावून सांगितलं. भाची म्हणते, वर्षभरात शिकली नसेल इतकं ती त्या जेवणात शिकली. बेचाळीस मिनिटं. म्हणजे सात तुकडे.

वेळेचा तक्ता भरताना तिला प्रश्न पडला, हे कुणाच्या नावावर टाकायचं? अशिलाचं काम नव्हे. सहा मिनिटांचाही हिशेब मागणाऱ्या त्या तक्त्यात, ज्यासाठी म्हणून माणसाला ऑफिसात बोलावतात त्याच गोष्टीने कोटा भरत नव्हता. तिने ते सात तुकडे रिकामे सोडले आणि रात्री उशिरापर्यंत थांबून दुसऱ्या कामाने भरून काढले. गाडी मिळाली, हे सांगायला ती विसरली नाही.

बहीण अजूनही रोज सकाळी साडेआठला तिला फोन करते. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. "जेवलीस का?" हा पहिला प्रश्न. उत्तर कायम "हो" असतं. "कुठे?" हा दुसरा प्रश्न बहिणीने आता बंद केलाय.