हुजूर की मजूर? ब्रिटनमधील मुसलमानांचे मत

ब्रिटनमधल्या दोन मोठ्या पक्षांचे बारसे मराठी वर्तमानपत्रांनी फार पूर्वीच उरकून टाकले आहे. एक हुजूर पक्ष, दुसरा मजूर पक्ष. यमक जुळले आणि अर्थही बऱ्यापैकी जुळला. गिरणीत, ओतशाळेत, बसच्या आगारात राबणाऱ्या मुसलमानाने मजूर पक्षाला मत द्यावे यात कोणाला काही विचार करण्यासारखे वाटलेच नाही. हे 'वाटलेच नाही' कसे घडले आणि पुढे ते कसे मोडत गेले, तेवढेच आम्हाला येथे पाहायचे आहे. आपल्या कोकणातली कितीतरी घरे बर्मिंगहॅम आणि लंडनला जाऊन स्थिरावली आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही.

आधी थोडे मागे जाऊ. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेलेले पहिले तीन हिंदी माणसे मुंबईच्या पारशी समाजातली होती, आणि तिघे तीन पक्षांचे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे मूठभर मतांनी निवडून आले. मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे आले. शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसीतून आले ते मजूर पक्षाचा पाठिंबा असलेले कम्युनिस्ट म्हणून. हिंदी माणसाने कोणत्या पक्षाचे व्हावे याचे एकच उत्तर तेव्हा नव्हते. पण त्यांना निवडून देणारे मतदार गोरे होते. मतदार म्हणून आपली माणसे पुढे आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जर्मनीत गेलेल्या तुर्क कामगारांना कित्येक दशके मताचा अधिकार नव्हता. ब्रिटनमध्ये तसे नव्हते. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक तेथे राहू लागला आणि मतदार यादीत त्याचे नाव चढले की तो सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शके. मीरपूरहून, सिल्हेटहून, सुरत-भडोचहून आलेल्या माणसाच्या हातात साम्राज्याने नकळत ठेवलेली ही एक वस्तू होती. इंग्रजी येत नसे, खोलीत सहा-सहा जण पाळीपाळीने झोपत, पण मत होते.

ते मत मजूर पक्षाकडे गेले याची कारणे उघड होती. ॲटलींच्या मजूर सरकारच्या काळात हिंदुस्थान-पाकिस्तान स्वतंत्र झाले होते, आणि कारखान्यातली कामगार संघटना मजूर पक्षाशी बांधलेली होती. शिवाय १९६२ मध्ये हुजूर सरकारने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा आणला, तेव्हा मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल यांनी त्याला रंगभेदी म्हणून कडाडून विरोध केला.

मग १९६४ ची निवडणूक आली. बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेदिक या कारखानदारीच्या गावात हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स उभे होते. शेजारी काळा माणूस हवा असेल तर मजूर पक्षाला मत द्या, अशा अर्थाच्या गलिच्छ घोषणा तेथे फिरल्या. देशभर मजूर पक्ष जिंकत असताना स्मेदिकमध्ये त्याचे पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडले, आणि तेही परराष्ट्रमंत्री होऊ घातलेले असताना. नवे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्रिफिथ्स यांना संसदेत वाळीत टाकण्याची भाषा केली. टाळ्या पडल्या असतील. पण स्मेदिकचा खरा धडा त्यांच्या पक्षाने वेगळाच घेतला. १९६५ मध्ये त्याच विल्सन सरकारने कामगार परवान्यांची संख्या वर्षाला ८,५०० वर आणली. गेट्सकेल तोवर वारले होते.

१९६८ मध्ये तर कहर झाला. केनियातून निघालेल्या, ब्रिटिश पारपत्र बाळगणाऱ्या हिंदी वंशाच्या लोकांना रोखण्यासाठी मजूर सरकारने अवघ्या तीन दिवसांत कायदा मंजूर करून घेतला. गृहमंत्री होते जेम्स कॅलहॅन. त्याला विरोध करणाऱ्यांत उदारमतवादी होते, आणि हुजूर पक्षाचे माजी वसाहतमंत्री इयान मॅक्लाउडही होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हुजूर पक्षाच्या इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये ते कुप्रसिद्ध विखारी भाषण केले. त्यांना पदावरून दूर केले ते हुजूर पक्षाचेच नेते एडवर्ड हीथ यांनी. पुढे १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलले, तेव्हा सुमारे २७ हजार लोकांना आत घेतले तेही हीथ यांच्या सरकारने. आणि आमच्याकडे येऊ नका, जागा नाही, अशी जाहिरात युगांडाच्या वर्तमानपत्रात कोणी दिली? मजूर पक्षाच्या ताब्यातल्या लेस्टर नगरपालिकेने! लोक अर्थात लेस्टरलाच गेले. १९७४ मध्ये पॉवेल यांनी युरोपीय बाजारपेठेच्या वादावरून मजूर पक्षाला मत द्या असे सांगितले, तेव्हा तर हा गोंधळ पुरा झाला.

तरीही मत मजूर पक्षालाच जात राहिले. वंशभेदाविरुद्धचे तीनही कायदे, १९६५, १९६८ आणि १९७६ चे, मजूर सरकारांनी केले हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मार्गारेट थॅचर. परक्या संस्कृतीच्या लोकांमुळे आपण बुडून जाऊ अशी लोकांना भीती वाटते, असे त्या १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर म्हणाल्या आणि पुढच्या वर्षी पंतप्रधान झाल्या. तिसरे कारण मात्र मोहल्ल्यातले होते, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

ते कारण म्हणजे बिरादरी. मीरपूरच्या गावातले नातेगोते ब्रॅडफर्ड-बर्मिंगहॅमला जसेच्या तसे पोहोचले होते. पक्षाच्या स्थानिक कार्यालयाला घरोघर फिरण्याची गरज नव्हती. दोन-चार वडीलधाऱ्यांना भेटले की शेकडो मते ठरत. बदल्यात वडीलधाऱ्यांना नगरपालिकेचे तिकीट, व्हिसाच्या अर्जाला खासदाराची चिठ्ठी, मशिदीच्या बांधकामाला परवानगी. 'व्होट बँक' हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ च्या सुमारास म्हैसूरकडील एका खेड्याविषयी लिहिताना वापरला होता. गावचा पाटील मते गोळा करून देतो, ती ही पेढी. ब्रिटनमध्ये पेढी तीच होती, फक्त पाऊस जास्त. ठेवीदारांत बायका आणि तरुण मुलेही होती, पण पासबुक त्यांच्या हातात नव्हते.

२००० च्या कायद्याने टपाली मतदान कोणालाही मागता येऊ लागले तेव्हा हे उघड्यावर आले. २००४ च्या बर्मिंगहॅम नगरपालिका निवडणुकीत ॲस्टन आणि बोर्डस्ली ग्रीन या दोन प्रभागांत टपाली मतपत्रिकांचे असे काही गैरप्रकार झाले, की २००५ मध्ये निवडणूक न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी मजूर पक्षाच्या सहा नगरसेवकांची निवड रद्द केली. २००६ च्या कायद्याने टपाली मताला सही आणि जन्मतारखेची पडताळणी लावली. कायद्याने चोरी अवघड झाली. पण घरातल्या मेजावर बापासमोर, नवऱ्यासमोर भरलेल्या मतपत्रिकेवर कोणती सही उपाय करणार? मुसलमानांनी कोणत्या पक्षाला मत द्यावे हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. घरातले मत कोण देते हा प्रश्न आमच्या मते त्याच्या आधीचा आहे.

मजूर पक्षाने दिले ते नाकारण्याचे कारण नाही. १९९७ मध्ये ग्लासगोतून मोहम्मद सरवर निवडून आले, पहिले मुस्लिम खासदार. १९९८ मध्ये ब्लेअर सरकारने मुस्लिम शाळांना प्रथमच सरकारी अनुदान दिले. ख्रिस्ती आणि यहुदी शाळांना ते केव्हापासूनच मिळत होते.

आणि मग इराक. १८ मार्च २००३ रोजी संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला कौल दिला. हुजूर पक्ष त्या वेळी सरकारच्या बाजूने होता, म्हणजे दोन्ही मोठी दारे एकदमच बंद झाली. चार्ल्स केनेडी यांचा उदारमतवादी लोकशाही पक्ष तेवढा विरोधात उभा राहिला. जुलै २००४ मध्ये लेस्टर दक्षिणची पोटनिवडणूक त्या पक्षाच्या परमजित सिंग गिल यांनी जिंकली. मुसलमानांनी शिखाला भरभरून मते दिली, त्याचे फारसे कोणाला नवल वाटले नाही. मे २००५ मध्ये बेथनल ग्रीनमध्ये, म्हणजे भावनगरींच्याच भागात, जॉर्ज गॅलोवे यांनी युद्धाच्या बाजूने मत दिलेल्या ऊना किंग यांना ८२३ मतांनी पाडले.

त्याच निवडणुकीतली रॉचडेलची गोष्ट मात्र सांगताना मान खाली जाते. तेथल्या मजूर खासदार लॉर्ना फिट्झसिमन्स यांच्याविरुद्ध एका मुस्लिम संघटनेने पत्रक काढले, त्यात त्या यहुदी असल्याचे म्हटले होते. त्या यहुदी नव्हत्या. संघटनेने नंतर माफी मागितली, पण बाई पडल्या होत्या. आणि असत्या यहुदी, तर? स्मेदिकच्या पत्रकात आणि या पत्रकात आम्हाला जातीचा फरक दिसत नाही.

उदारमतवाद्यांची कथा लवकर आटोपते: २०१० मध्ये त्यांनी हुजूर पक्षाशी आघाडी केली. त्याच निवडणुकीत शबाना महमूद, रुशनारा अली आणि यास्मिन कुरेशी या पहिल्या मुस्लिम महिला खासदार झाल्या, तिघी मजूर पक्षाच्या. हुजूर पक्षाच्या सईदा वारसी मंत्रिमंडळात बसल्या आणि २०१४ मध्ये गाझाच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडल्या.

आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते ब्रॅडफर्ड पश्चिम. २०१२ च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाने इम्रान हुसेन यांना उभे केले होते. मते वडीलधारी आणून देतील हा हिशेब होताच. मुलांनी आणि बायकांनी तो उधळला. दहा हजारांवर मताधिक्याने निवडून आले ते पुन्हा गॅलोवे, जे मुसलमानही नव्हते आणि ब्रॅडफर्डचेही नव्हते. तीन वर्षांनी त्याच मतदारांनी त्यांना घरी पाठवले. २०१५ मध्ये त्यांच्यासमोर होत्या नाझ शाह. कोवळ्या वयात झालेल्या सक्तीच्या लग्नाची कहाणी त्यांनी स्वतःच जाहीर केली होती. गॅलोवे यांनी त्यांच्या लग्नाच्या वेळच्या वयावरून प्रचारात वाद घातला. अकरा हजारांवर मतांनी पडले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाले आणि मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांच्या भूमिकेने लोक बिथरले. नोव्हेंबरात युद्धबंदीच्या ठरावावर ५६ मजूर खासदारांनी पक्षादेश मोडला. ४ जुलै २०२४ रोजी देशभर मजूर पक्षाचा प्रचंड विजय झाला, पण लेस्टर दक्षिण, ब्लॅकबर्न, ड्यूसबरी आणि बर्मिंगहॅम पेरी बार येथे गाझाचा प्रश्न घेऊन उभे राहिलेले चार मुस्लिम अपक्ष जिंकले. ब्लॅकबर्नमध्ये फरक १३२ मतांचा. पेरी बारमध्ये पडले ते खालिद महमूद, २००१ पासूनचे खासदार, ५०७ मतांनी. याच लाटेत बर्मिंगहॅम यार्डलीच्या जेस फिलिप्स ६९३ मतांनी कशाबशा वाचल्या. युद्धबंदीसाठी मत देऊन पक्षातले पद सोडणाऱ्या त्याच होत्या. त्यांना कसली शिक्षा होत होती, हे आम्हाला तरी कळलेले नाही. रागाच्या मताला माणूस दिसत नाही, पक्ष दिसतो. गृहीत धरलेल्या मताचेही तेच होते.

लेडीवूडमध्ये शबाना महमूद ३,४२१ मतांनी तरल्या. त्यांचे कुटुंब मूळचे मीरपूरचे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या गृहमंत्री झाल्या, १९६८ मध्ये कॅलहॅन यांच्याकडे होते तेच खाते. नोव्हेंबरात त्यांनी आश्रयाच्या नियमांचे नवे प्रस्ताव मांडले. त्यांत बेकायदा मार्गाने आलेल्या निर्वासिताने कायम वास्तव्यासाठी २० वर्षे थांबावे असे होते.